मँचेस्टरला गेलेलं हळदीचं बोट

"हे बोट कुणाचं?" हातातला फोटो शेडमधल्या प्रत्येकाच्या नाकासमोर नाचवत वेणीमाधव मंद्रूपकर विचारत होते. "मी विचारतोय, हे हळदीचं बोट कुणी लावलं?"

फोटो टॉवेलचा होता आणि तोही रंगीत. मंद्रूपकरांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो काळा-पांढरा होता आणि त्यात त्यांचा एक डोळा मिटलेला होता. पण सोलापूरच्या साखर पेठेतल्या विणकर सोसायटीच्या टॉवेलचा मँचेस्टरच्या साहेबानं रंगीत फोटो काढून घेतला होता, कोपऱ्याचा तर वेगळा, मोठा करून. त्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट आणि त्यावर कुंकवाचं एक बोट, दोन्ही स्वच्छ उमटलेली.

हातमाग एकेक करून थांबले. भिंतीशी सुताच्या कांड्या भरत बसलेल्या शांतम्मानं चरखा न थांबवता सांगितलं, "म्या लावलं. दुसरं कोण लावंल?"

"पण का?"

"का म्हंजे? मागावर नवा ताणा चढला, पयला तुकडा उतरला. पयला तुकडा देवाचा असतुया. बोट लावून सिद्धेश्वराच्या फोटूम्होरं ठिवला. तेवढ्यात तुमी आलाव घाईघाईनं. शांतम्मा, एक टॉवेल द्या, विलायतेला नमुना धाडायचाय म्हनलाव. म्या तोच दिला. लई लांब जानार हुता, म्हनलं देवाचं बोट आसूं दे त्येच्यावर."

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

"तुमी बगितलं न्हाय व्हय?"

मंद्रूपकरांनी बघितलं नव्हतं. शांतम्मानं घडी घालून दिली होती आणि कोपरा आत गेला होता. पोस्टाची वेळ टळत आली होती, म्हणून त्यांनी ती घडी तशीच कागदात गुंडाळली होती. ते ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात पत्र्याचा आडोसा, टाइपरायटर आणि एक पाय हलणारी खुर्ची. तिच्यात बसून त्यांनी डोक्याला हात लावला.

पूर्वी हे असलं काही नव्हतं. सोसायटी निघाली तेव्हापासून मंद्रूपकर तिचे सेक्रेटरी आणि तेव्हापासून मँचेस्टरचा पर्किन्स साहेब त्यांचा गिऱ्हाईक. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. साहेबाचं पत्र यायचं तीन ओळींचं. माल पोचला, चांगला आहे, तेवढाच पुन्हा पाठवा. मग खाली, सोलापुरात ऊन किती आहे याची चौकशी. मंद्रूपकर उन्हाचा आकडा कळवायचे आणि माल पाठवायचे. इतका सरळ व्यवहार सख्ख्या भावांतसुद्धा होत नाही.

मग सालं बदलली. साहेबाच्या देशानं आपला जुना सात देशांचा गट सोडला आणि युरोपच्या सामायिक बाजारात जाऊन बसला. पेपरात अग्रलेख आले, नकाशे आले. मंद्रूपकरांना त्यातलं काही वाचायची गरज नव्हती, कारण पर्किन्स साहेबाचं पत्र एकदम चार पानांचं झालं आणि त्यात उन्हाची चौकशी राहिली नाही. सगळी कलमं होती, पोटकलमं होती आणि प्रत्येक पानावर एकदा तरी 'खेद वाटतो' होतं.

सोसायटीचे चेअरमन बसलिंगप्पा यांनी तेव्हा विचारलं होतं, "म्हंजे नेमकं काय झालं वो? आपलं काय चुकलं?"

"आपलं काही चुकलेलं नाही, अण्णा. साहेबाचं घर बदललं. सात जणांची भागी सोडली आणि श्रीमंताकडे घरजावई गेला."

"मग त्या सा जणांशी भांडन झालं असंल."

"तेच तर! त्यांच्याशी गोडीगुलाबीनं मिटवलं. करार केले, येणंजाणं ठेवलं. अडकलोय आपण. आपण त्याचे जुन्या राज्यातले ओळखीचे. काल-परवापर्यंत सरळ स्वयंपाकघरात यायचो. आता तो म्हणतो, ओसरीवर थांबा, सासूला विचारून सांगतो."

"आन् सासू काय म्हनती?"

"ती म्हणते, हातमागाचा माल असेल तर जकातीत सवलत देऊ. पण आधी नमुना पाठवा, आम्ही तो सील करून ठेवणार. मग येणारा प्रत्येक नग नमुन्याबरहुकूम हवा. सुताचाही फरक चालायचा नाही."

"एवढंच ना? मग सोपं हाय की," बसलिंगप्पा म्हणाले होते.

सोपं आहे असंच मंद्रूपकरांनाही वाटलं होतं. इतकं सोपं वाटलं होतं की त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शब्द दिला होता. मागच्या दिवाळीत पलीकडच्या गल्लीतल्या पॉवरलूमच्या मालकानं निरोप धाडला होता. शेड मला द्या, तुमचे माग मी चांगल्या भावानं घेतो आणि तुमच्या सगळ्या माणसांना माझ्याकडे कामाला लावतो. सोसायटीची सभा भरली. निम्मे विणकर तयार होते. सूत महाग झालेलं, दुष्काळातून नुकते कुठे सगळे वर आलेले. तेव्हा मंद्रूपकर उभे राहिले. भाजीवालीला 'उद्या येतो' म्हणतानाही विचार करणारा हा माणूस, पण भर सभेत म्हणाला, "माग विकू नका. विलायतेची ऑर्डर येतेय. सहा हजार टॉवेल. आणि एकदा सुरू झाली की दरवर्षी येणार. मी शब्द देतो."

विणकरांनी शब्द धरला. पॉवरलूमच्या मालकानं दुसरी शेड घेतली, दुसरी माणसं घेतली आणि त्याच्याकडची जागा भरली. आता ही ऑर्डर गेली, तर मागांना भाव जळाऊ लाकडाचा आणि माणसांना तोही नाही. हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून फोटोवरून मंद्रूपकर ओरडत होते तेव्हा कुणी हसलं नाही.

फोटोबरोबरच्या पत्रात पर्किन्स साहेबानं लिहिलं होतं की नमुना मान्य झाला आहे, सील झाला आहे, आणि कोपऱ्यातली हातानं काढलेली सुरेख खूण सगळ्यांना फार आवडली. ती प्रत्येक टॉवेलवर असलीच पाहिजे.

मंद्रूपकरांनी त्याच दुपारी टाइपरायटर पुढे ओढला. ही खूण नाही, ही पूजा आहे, ती फक्त पहिल्या तुकड्याला करतात, कृपा करून ती नमुन्यातून वगळावी, असं त्यांनी दीड पान इंग्रजीत समजावलं. 'पूजा' समजावताना त्यांच्या नाकी नऊ आले. उत्तर आलं. साहेबाला ही माहिती फारच रंजक वाटली, त्यानं ती बायकोलाही वाचून दाखवली. पण सील तोडता येत नाही. नवा नमुना पाठवायचा तर नवी फाइल उघडेल आणि तोवर यंदाची सवलत संपेल. तेव्हा खूण राहू द्यावी. मात्र धुतल्यावर तिचा रंग जाऊ नये, असंही एक पोटकलम आहे.

"हळदीचा रंग जाऊ नये!" मंद्रूपकर पत्र आपटून म्हणाले. "रेवणप्पा, जरा हळद-कुंकू लावलेलं फडकं आणा आणि साबण लावा."

रेवणप्पा हा शेडमधला सगळ्यात जुना विणकर. त्यानं बादलीत फडकं बुडवून साबण लावला. हळद लालभडक झाली आणि कुंकू पसरून सगळं फडकं गुलाबी झालं.

"साह्यबाला म्हनावं, हे बी नमुन्यात घाला," रेवणप्पा म्हणाला.

बसलिंगप्पांनी व्यवहारी तोड काढली. रंगाऱ्याकडून पक्का पिवळा आणि पक्का लाल रंग आणायचा, रबरी शिक्का बनवायचा आणि मारत सुटायचं. शिक्का करून आणलाही. तो मारल्यावर टॉवेलला गोळी लागल्यासारखं दिसू लागलं. शिवाय मंद्रूपकरांना वेगळीच धास्ती पडली. शिक्का मारला की उद्या कुणीतरी म्हणेल, हा छापील माल. सवलत साध्या विणलेल्या मालाला आहे. बोटानंच लावलं पाहिजे आणि नमुन्यावर जिचं बोट आहे तिनंच लावलं तर उत्तम, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको.

ते शांतम्माकडे गेले. आता मात्र ओरडले नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं. शांतम्मानं चरखा थांबवला.

"सा हजाराला लावू?"

"हो."

"पक्क्या रंगानं?"

"हो. हळद टिकत नाही."

"देवाला रंग लावू? आन् मंग त्या टावेलनं ती मानसं काय करनार?"

"काय करणार, अंग पुसणार."

"पाय बी पुसनार."

"पुसत असतील."

"मला जमायचं न्हाय," शांतम्मा म्हणाली आणि पुन्हा कांडी भरायला लागली.

तिला किती जणांनी समजावलं! बसलिंगप्पांनी दोनदा, रेवणप्पानं तर रोज. दुसऱ्या बायकांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, शांतम्मा लावत नाही तर आम्ही कोण लावणारे? पुरुषांनी लावलं तर चालेल का, यावर एक दिवस वाद झाला आणि शेवटी कुणालाच धीर झाला नाही. टॉवेल मात्र विणून होत होते. थप्प्या ऑफिसच्या पत्र्याला टेकल्या, मग पत्र्याच्या वर गेल्या. मंद्रूपकरांना आपल्या खुर्चीत जायला अंग चोरून आत शिरावं लागायचं. त्या थप्प्या पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. विलायत आपलं घर बदलणार, तिकडच्या टेबलांवर कुणीतरी सील मारणार आणि इथे साखर पेठेत एक बाई आणि तिचं बोट यांच्यामुळे सगळं अडून बसणार!

"त्या बाईला शेडची काही काळजीच नाही," ते घरी रुक्मिणीला म्हणाले. "सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हिला सोवळं सुचतंय."

"तुम्हाला आईंनी देवाचं तबक पाय पुसायला दिलं असतं तर चाललं असतं का?" रुक्मिणीनं विचारलं.

"तबकानं पाय पुसत नाहीत."

"तेच म्हणतेय मी."

पुढच्या सोमवारी शांतम्मा सिद्धेश्वराला जाऊन आली. ओल्या केसांनीच शेडमध्ये शिरली, टॉवेलच्या थप्प्यांशेजारी गोणपाट अंथरलं आणि म्हणाली, "आना रंग."

का ते कुणी विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली. रेवणप्पानं दोन वाट्यांत रंग ओतून दिला. शांतम्मानं पिवळ्यात बोट बुडवलं, टेकवलं. मग ते फडक्याला पुसून लालात बुडवलं, त्यावर टेकवलं. दुसऱ्या बायका एकेक टॉवेल पुढे सरकवत होत्या आणि वाळलेले उचलत होत्या. रोज तेच. तिची पाठ धरली, मग मानही धरली. पक्का रंग नखात शिरला, कातड्यात उतरला. भाकरी खाताना ती त्या हाताचं ते बोट बाजूला धरून खायची. शेवटचा टॉवेल झाला तेव्हा ती उठली, दोन्ही वाट्या नळाखाली धुतल्या आणि कांड्या भरायला जाऊन बसली. मंद्रूपकरांना तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण 'आभारी आहे' हे शब्द त्यांनी आजवर फक्त इंग्रजीत लिहिले होते.

गाठोडी मुंबईला गेली. पाठोपाठ मंद्रूपकर गेले, कारण तपासणीला सोसायटीचा माणूस हजर हवा असं आणखी एक पोटकलम होतं. तपासणीच्या कचेरीत पंख्याखाली एक तरुण अधिकारी बसला होता. नम्र होता, चहा विचारला. त्यानं टॉवेल उलगडला, ताणा-बाणा भिंगातून मोजला, मान डोलावली. मग कोपरा बघितला.

"हा रंग विणताना आलाय की नंतर लावलाय?"

"नंतर. बोटानं लावलाय."

"म्हणजे विणल्यावर रंग लावलाय."

"हो, पण बोटानं!"

"बोटानं लावा नाही तर ब्रशनं लावा. विणल्यावर रंग लावला की माल छापील होतो. छापील मालाला सवलत नाही."

मंद्रूपकरांनी फोटो काढला, पत्रं काढली, सगळं टेबलावर पसरलं. "अहो, त्यांच्याच सील केलेल्या नमुन्यावर ही खूण आहे! त्यांनीच सांगितलंय, प्रत्येक नगावर पाहिजे!"

"बरोबर आहे. नमुन्याप्रमाणे माल आहे असा शेरा मी देतोच. सवलत मिळणार नाही, एवढंच."

"म्हणजे बोट लावलं नाही तर नमुन्यासारखा नाही म्हणून परत. लावलं तर छापील म्हणून परत. मग माणसानं करायचं काय?" मंद्रूपकरांचा आवाज इतका चढला की बाजूच्या टेबलांवरचे कारकून वळून बघू लागले.

अधिकाऱ्यालाही वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "मला तुमचं पटतं हो. पण नियम तिकडून आलेत. त्यांनासुद्धा ते नवीनच आहेत."

सवलतीशिवाय माल पर्किन्स साहेबाला परवडणारा नव्हता. त्याची तार आली. पुन्हा खेद होता, पण या वेळी साहेबानं एक वाक्य जास्तीचं घातलं होतं, की आता पूर्वीसारखं राहिलं नाही आणि हे मला तुमच्याइतकंच जड जातंय. तारेत शब्दागणिक पैसे पडतात, तरी घातलं होतं. मंद्रूपकरांना राग धरायला पर्किन्सशिवाय कुणी नव्हतं, तोही त्या तारेनं हातातून गेला. सामायिक बाजारावर राग धरायचा तर त्याला तोंड कुठे होतं?

गाठोडी ट्रकनं परत आली. निदान इथे तरी खपवू, असं बसलिंगप्पांनी ठरवलं. नव्या पेठेतल्या चनबसप्पांच्या दुकानात एक थप्पी ठेवली. मंद्रूपकर स्वतः जाऊन बाकावर बसले. मंगळवेढ्याहून बाजाराला आलेल्या एका बाईनं टॉवेल हातात घेतला, पोत बघितला, खूश झाली. मग कोपरा दिसला. तिनं टॉवेल दोन्ही डोळ्यांना लावला आणि परत थप्पीवर ठेवला.

"घ्या की, लई सस्ता लावलाय," चनबसप्पा म्हणाले.

"व्हय, पर ह्येनं आंग कसं पुसायचं? देवाचं बोट हाय की ह्येच्यावर."

तीच गोष्ट दुसऱ्या गिऱ्हाइकाची, तीच तिसऱ्याची. ज्याला हात लावला तो डोळ्यांना लागला आणि परत आला. मंद्रूपकरांनी एक टॉवेल घरी नेला. रुक्मिणीनं तो घडी करून देवघरात ठेवून दिला. सोलापूरपासून मँचेस्टरपर्यंत कुठेही न चालणारा माल आपण तयार केला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दिवशी त्यांनी जेवताना ताटावरून हात मागे घेतला.

वैशाखात माग विकले गेले आणि शेडमधून निघाले. विकत घेणाऱ्यानं आपली माणसं धाडली होती, पण ती ठोकून तोडायला लागली म्हणून विणकर स्वतःच पुढे झाले. रेवणप्पानं आपला माग स्वतः सोडवला, खुंट्या वेगळ्या काढल्या, दोऱ्यांची वेटोळी केली. मंद्रूपकर दाराशी उभे होते. आज कुणीतरी आपल्याला बोलणार, ही त्यांची खात्री होती. बोलावं असंही वाटत होतं. सभेत शब्द दिला होता, कुणीतरी तो तोंडावर मारायला हवा होता. कुणी मारला नाही. उलट रेवणप्पा म्हणाला, "साह्यब, तिकडनं जरा धरता का?" आणि मंद्रूपकरांनी कोट खुंटीला अडकवून मागाची एक बाजू धरली.

पहिला माग ट्रकमध्ये चढला, मग दुसरा. उन्हानं पत्रे तापले होते. मंद्रूपकरांना असल्या कामाची सवय कुठली! त्यांचा सदरा पाठीला चिकटला, चष्मा नाकावरून घसरू लागला, घाम डोळ्यांत जाऊन डोळे चुरचुरायला लागले. ते भिंतीला टेकले. समोर शांतम्मा आली. तिनं न विकलेल्या थप्पीतला वरचा टॉवेल उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"तोंड पुसा."

मंद्रूपकरांनी हात मागे घेतला. "नको, शांतम्मा. देवाचा आहे तो."

"न्हाय देवाचा."

"अख्खं सोलापूर म्हणतंय."

"सोलापूरला काय ठावं?" शांतम्मानं उजवा हात वर केला. मधलं बोट नखापासून पेरापर्यंत पिवळंतांबडं होतं. करंगळीशेजारचं बोट कोरं होतं. "देवाला ह्या बोटानं लावतेत. ह्या बोटानं. ह्ये म्या रंगात बुडवलंच न्हाय. सा हजार सगळी मधल्या बोटानं लावलीत. सिद्धेश्वराला जाऊन सांगून आलते, बाबा, ही तुजी न्हवंत. मानसांची पोटं हायती, म्हून करतीया."

"मग हे कुणाला सांगितलं का नाहीत? दुकानात तरी सांगायचं होतं, खपले असते टॉवेल!"

"आन् लोकास्नी काय सांगू? देवाच्या नावानं खोटं बोट लावलं म्हून?" ती म्हणाली. "तुमास्नी सांगितलं. पुसा आता, डोळ्यात जातुया."

त्यांनी टॉवेल घेतला. चष्मा काढला. आधी कपाळ पुसलं, मग डोळे आणि मग पूर्ण चेहरा त्या टॉवेलात घातला. बाहेर काढवेना. इतके महिने ते सगळ्यांवर चिडले होते, विलायतेवर, सामायिक बाजारावर, पंख्याखालच्या त्या पोरसवदा अधिकाऱ्यावर आणि सगळ्यांत जास्त या बाईवर. आता चिडायला काही शिल्लक नव्हतं आणि त्यांना रडू आवरत नव्हतं. हातमागाचं सूत सगळं टिपून घेत होतं.

मागून रेवणप्पा आणि दोघंजण पुढचा माग उचलून घेऊन आले. दार अरुंद होतं.

"साह्यब," रेवणप्पा हळूच म्हणाला, "जरा बाजूला व्हता का?"

मंद्रूपकर टॉवेलसकट बाजूला झाले.